तेहतीस अंशांचं पाणी

मला एका जागी बसवत नाही. साठी उलटली, गुडघे बोलायला लागले, तरी सकाळचा चहा हातात घेऊन मी या लातूरच्या घरात येरझाऱ्या घालत असते आणि सून स्वयंपाकघरातून ओरडते, "आई, बसा की जरा! सांडून राहिलाय सगळा." चहा संपायच्या आत मी फोनवर समुद्र बघून घेते. उपग्रहांनी मोजलेलं समुद्राच्या वरच्या थराचं तापमान, रोजचं, रंगांत भरलेलं. निळं म्हणजे गार, मग पिवळं, नारिंगी, लाल. गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा पत्ता नाही आणि ही बाई अरबी समुद्र किती तापला ते बघून राहिली, असं शेजारीण म्हणते. तिचंही काही चुकत नाही. आमच्या सात पिढ्यांत कुणी समुद्रात पाय घातला नव्हता. ही खोड मला नांदेडला लागली, विष्णुपुरीच्या दोन खोल्यांत, आणि तिथं मी काय करून बसले ते मी आजवर पोरांनाही धड सांगितलेलं नाही. आता लिहून टाकते, नाहीतर राहून जाईल.

आम्ही निलंग्याचे. अप्पांची, म्हणजे वडिलांची, आडत होती. शेतकऱ्यांची तूर, हरभरा, करडई गाड्या भरून यायची. अप्पा पोत्यात हात घालून मूठभर दाणा बाहेर काढायचे, तळहातावर पसरायचे, हलकेच फुंकर मारायचे आणि भाव सांगून मोकळे व्हायचे. "माल एकसारखा दिसला पाहिजे," हे त्यांचं रोजचं बोलणं. हातावरचा एखादा काळा दाणा, एखादा खडा ते बोलता बोलता अंगठ्यानं उडवून द्यायचे. आपण काही उडवलं याचं त्यांना भानही नसायचं. घरात अव्वा, म्हणजे आई, तेच करायची. दुपारी सूप मांडीवर घेऊन डाळ निवडत बसायची आणि मलाही शेजारी बसवायची. माझ्या पायाला भिंगरी; शाळेत, देवळात, पंगतीत कुठंच मी धड बसले नाही. पण डाळ निवडताना मात्र मी गप्प व्हायचे. बोटं आपली आपण चालायची, खडा दिसायच्या आधी बोटाला कळायचा. अव्वा कौतुकानं म्हणायची, "आमच्या कांताच्या डाळीत दाताखाली काही येणार नाही बघा."

लातूरला बीएस्सी झाले आणि घरी येऊन बसले. बसले म्हणजे काय, अंगणातून दारात आणि दारातून अंगणात. दोन महिन्यांत माझं डोकं फिरलं आणि घरच्यांचंही फिरवलं. शेवटी अव्वाच अप्पांना म्हणाली, "हिला रत्नाकडं पाठवा नांदेडला, न्हाईतर ही मला खुळी करंल." रत्नामावशी वजिराबादेत राहायची. घर लहान, आवाज मोठे. पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन लांबून ऐकू यायचं, ते संपतं न संपतं तोच खालच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटायला लागायचा, आणि त्या फटफटीवर मावशी मोठ्यानं बोलायची. गिरणी बंद असली तरी तेवढ्याच मोठ्यानं बोलायची, सवयच झालेली. सकाळी खायला सुशीला असायची. चुरमुरे भिजवून, वर शेंगदाणे आणि भरपूर हिरवी मिरची. रात्री भाकरी आणि येसराची आमटी. मी उभ्यानंच खायची. मावशी म्हणायची, "घोडी आहेस का गं तू? घोडी बी कधी कधी बसते." तिला सांगायला जायची सोय नव्हती, की माणूस बसलं म्हणजे मला आतून कुणीतरी ढकलून राहिल्यासारखं होतं.

मावशीच्या यजमानांनी मला सेलूकर सरांकडं नेलं. सर कॉलेजातून निवृत्त झालेले, उंच, शुद्ध बोलणारे, शर्टाचं वरचं बटण भर उन्हाळ्यातही लावणारे. विष्णुपुरीला धरणाच्या अलीकडे त्यांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. एका खोलीत एक संगणक, वर कशिद्याची चादर घालून जपलेला, आणि दुसऱ्या खोलीत पत्र्याच्या पेट्या. पेट्यांत जुन्या मालवाहू जहाजांच्या नोंदवह्या होत्या. किनाऱ्यावरच्या एका समुद्रविज्ञान संस्थेत सरांचा जुना विद्यार्थी होता, त्यानं त्या पाठवल्या होत्या. आम्ही त्यातले आकडे संगणकात भरायचे, फ्लॉपीवर उतरवून पाठवायचे, आणि वह्या जहाजकंपनीकडं परत करायच्या. कंपनीनं आधीच कळवलं होतं की परत आल्यावर त्या रद्दीत जाणार. म्हणजे आम्ही जे भरू तेच उरणार. हे सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान हलवली होती.

वही उघडली की वास यायचा, कुबट, थोडासा तेलकट. एका पानावर एका जहाजाचा एक दिवस. दर काही तासांनी जहाज कुठं आहे, वारा कुठून, लाट किती उंच, लांबच्या कुठल्या वाऱ्यानं उठलेली लाट येतेय का, आणि पाणी किती गरम. पाण्याचं तापमान घ्यायची तऱ्हा सरांनी समजावली. एक खलाशी दोरी बांधलेली बादली समुद्रात फेकायचा, वरचं पाणी ओढून काढायचा, त्यात थर्मामीटर धरायचा, आणि अधिकारी आकडा लिहायचा. वादळात, उन्हात, रोज. मला तर ऐकून हसूच आलं. एवढा मोठा समुद्र आणि एक बादली! पण महिन्याभरात त्या बादल्यांचं वेडच लागलं मला. आकडे भरता भरता कळायला लागलं की पौषात पाणी कुठं गार असतं, चैत्र-वैशाखात केरळाच्या पुढं कसं तापत जातं, पाऊस सुरू झाला की कसं झपाट्यानं उतरतं. मी समुद्र पाहिला नव्हता, पण त्याचा हात हातात घेऊन नाडी बघत असल्यासारखं वाटायचं. विष्णुपुरीच्या धरणावर जाऊन मी पाण्याकडं बघत उभी राहायची आणि हे इथं संपतं याचा राग यायचा.

आणि मग ते सुरू झालं. कधी सुरू झालं हे मला खरंच सांगता येणार नाही. एका रांगेत अठ्ठावीस, अठ्ठावीस, साडेअठ्ठावीस, आणि मध्येच एकतीस. पुढं एक प्रश्नचिन्ह. माझी बोटं थांबली, आणि मी साडेअठ्ठावीस मारलं. चुकून कुणीतरी लिहिलं असणार, उघड होतं. दुसऱ्या दिवशी असंच आणखी एक. पुढं पुढं मी थांबेनाशी झाले. रांगेत एखादा आकडा फार वर किंवा फार खाली दिसला की बोटं आपण होऊन त्याला शेजाऱ्यांसारखा करायची. मी आकडे निवडत होते. मनात पाप नव्हतं, उलट चांगलं काम करतेय असं वाटायचं. कुठला आकडा बदलला याची खूणसुद्धा ठेवली नाही. काढलेला खडा कुणी जपून ठेवतं का? सर संध्याकाळी येऊन रांगांवरून नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "कांता, तुझं काम फार स्वच्छ आहे." मी फुगायची.

त्या स्वच्छ कामापायीच किनाऱ्यावरच्या संस्थेनं एक जागा देऊ केली. सरांनी एक होतकरू नाव कळवावं, त्या माणसाला तिथं वर्षभर शिकवतील, जहाजावर नेतील, आणि पुढं नोकरीतही घेतील. सर म्हणाले, तुझं नाव लिहितो. त्या दिवशी मी विष्णुपुरीहून वजिराबादेपर्यंत टमटममध्ये बसून कशी आले ते मला आठवत नाही. बहुतेक उभीच असणार. अप्पांना पत्र टाकलं तर ते मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी अप्पा निलंग्याहून एसटीनं हजर झाले. मला वाटलं, झालं, संपलं. तासभर ते मावशीशी पावसापाण्याचं बोलत बसले आणि शेवटी मला म्हणाले, "जहाजावर जेवायला काय देत्यात?" मी म्हटलं, मला काय ठावं. "मग जा," म्हणाले, "पण चटणी घेऊन जा. आणि बस म्हणतील तिथं बसत जा, समुद्रात येरझाऱ्या घालू नकोस." मावशी हसून लोटपोट. मी मोरीत जाऊन रडून घेतलं. आयुष्यात मला इतकं काही हवंसं वाटलं नव्हतं, नंतरही वाटलं नाही.

सरांचं ते पत्र जायच्या दिवशी सकाळीच भरून झालेल्या पेट्यांपैकी दोन, कंपनीकडं परत जायला, टेम्पोत घालून नांदेडच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामाकडं रवाना केल्या होत्या. सर नांदेडला घरी गेले होते. मी एकटीच होते, संगणकाची चादर झटकत होते, तेव्हा दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. पांढरा पायजमा, वर जुना कोट, आणि उभं राहायची तऱ्हा अशी की दोन पाय फाकवून, जमीन हलतेय की काय.

"सेलूकर सायबाचं हापिस हेच का?"

"हो, पण सर नाहीत. तुम्ही?"

"गफूर. उमरीचा. पेपरात आलंय म्हणं, जहाजाच्या वह्या हायत तुमच्याकडं. नातीनं वाचून दाखवलं." आणि त्यांनी एका जहाजाचं नाव घेतलं. ते नाव इथं लिहीत नाही, ती कंपनी अजून आहे. पण ऐकल्याबरोबर मी हातातली चादर टाकून दिली. त्या जहाजाचे आकडे मी स्वतः भरले होते. गफूरचाचा घरातून भांडून मुंबईला पळालेले, आणि त्या जहाजावर अकरा वर्षं खलाशी होते. समुद्राला हात लावलेला पहिला माणूस मी बघत होते. मी खुर्ची पुढं केली, माठातलं पाणी दिलं, आणि प्रश्नांचा पाढाच वाचला. चाचांनी दोन घोट घेतले आणि हात वर करून मला थांबवलं.

"बेटी, मला एक दिवस बघायचाय. बास. मालदीवच्या अल्याड होतो. तारीख पाठ हाय."

त्यांनी तारीख सांगितली, मी संगणकात शोधून काढली आणि मोठ्यानं वाचायला लागले. वारा नाही. लाट नाही. पाणी तीस.

"दुपारचं बघ."

"दुपारचंच आहे, चाचा. तीस."

"चुकलं हाय. तेहतीस पायजे."

मी म्हटलं, इतक्या वर्षांनी आकडा कसा लक्षात राहील. चाचा खुर्चीत पुढं सरकले. म्हणाले, "त्या आकड्यापायी सायबानं मला सगळ्यांसमोर झुटा म्हटलं. बादली काढून घेतली हातातून. परत दिली न्हाई. आकडा कसा इसरन मी?"

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी समुद्र तेलासारखा पडून होता, वाऱ्याची झुळूक नाही, पाण्यावर सुरकुती नाही. सकाळपासून मासे पोट वर करून तरंगत होते. चाचांनी पुढच्या टोकावरून बादली टाकली आणि थर्मामीटरचा पारा बघून तेच चक्रावले. अधिकारी म्हणाला, आळसापायी तू मागच्या बाजूला बादली टाकली असणार, जिथं इंजिन गार करून निघालेलं ऊन पाणी समुद्रात पडतं. चाचांनी त्याला पुढं नेऊन त्याच्यादेखत आणखी दोनदा पाणी काढलं. तेहतीसच. तेव्हा अधिकारी म्हणाला, मग तुझी बादलीच खराब आहे.

"कॅनव्हासची बादली, बेटी. आपल्याकडं छागल असती ना, गाडीला टांगतो ती? तसलंच कापड. पाझरतं, वारा लागतो, पाणी गार होतं. आता मला सांग, बादली खराब असंल तर आकडा उतरंल का चढंल? मी सायबाला म्हटलं, साब, आमच्याकडं लेकराला बी ठावं हाय हे. हसले सगळे. सायबानं तेहतीस लिहिलं, पुढं प्रश्नाची खूण केली आणि कडंला तीनचा आकडा टाकला. तीनदा काढलं म्हणून. तेवढंच बघायचं होतं मला. लिहिलेलं हाय का खोडलं."

अप्पांच्या गाडीला टांगलेली छागल, तिच्यातलं दातांना ठणका लावणारं गार पाणी, हे मला जन्मापासून माहीत होतं. आणि ते पान मला लख्ख आठवलं. प्रश्नचिन्ह आठवलं. कडेचा बारीक तीन आठवला. त्याचा अर्थ कळला नव्हता आणि त्याला संगणकात रकाना नव्हता, म्हणून सोडून दिला होता. लाज वाटली म्हणणं फार थोडं झालं. जमिनीत गाडून घ्यावं असं वाटलं.

"चाचा," मी म्हटलं, "त्यानं खोडलं नव्हतं. तुमचा आकडा होता. मी बदलला."

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या सायबानं निदान समुद्र तरी बघितला होता." आणि उठले.

मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, वह्या आज सकाळीच गेल्यात, अजून गोदामात असतील, चला माझ्याबरोबर. म्हाताऱ्या माणसाला मी अक्षरशः हाताला धरून टमटममध्ये कोंबलं. वाटेत मी एक मिनिट गप्प बसले नाही. काय बोलत होते देव जाणे. गोदाम मिरच्यांच्या पोत्यांनी भरलेलं, शिंकून शिंकून जीव चाललेला. आमच्या पेट्या कोपऱ्यात होत्या, चिठ्ठ्या लावून तयार. मुनीम म्हणाला, पावती दाखवा. पावती सरांजवळ. मी म्हटलं, पेटी माझी आहे. तो म्हणाला, "बाई, इथं आली म्हणजे माझी. गाडी चारला निघते." मग मी पेटीवर चढून बसले आणि म्हटलं, "उचला आता. माझ्यासकट उचला." आयुष्यात पहिल्यांदा मी एका जागी पक्की बसले होते. मुनीमानं कपाळाला हात लावला, सरांच्या घरी फोन केला, आणि अर्ध्या तासात सर लुनावरून आले. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं.

मी सगळं सांगितलं, पेटीवरून न उतरता. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुला निवडायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. घरी कुणी सांगत नाही सर, निवडतातच."

"किती बदललेस?"

"माहीत नाही. शंभर असतील, हजार असतील. खूण ठेवली नाही."

सर चाचांजवळ गेले, त्यांना नमस्कार केला, पेटी उघडायला लावली. वही सापडली, पान सापडलं. तेहतीस, प्रश्नचिन्ह, कडेला तीन. चाचांनी खिशातून चष्मा काढला, आकड्यावर बोट ठेवलं आणि तसेच उभे राहिले. सरांनी मला बाजूला घेतलं आणि खिशातून पाकीट बाहेर काढलं. किनाऱ्याच्या संस्थेचा पत्ता वर लिहिलेला, तिकिटं लावलेली.

"कांता, हे आज टपालपेटीत टाकायचं आहे. त्यांना माणूस या महिन्यातच हवा. या गृहस्थांचा आकडा आपण दुरुस्त करू. बाकीच्यांचं..." ते थांबले. सर खोटं बोलणारे नव्हते, त्यांना ते जड जात होतं. "बाकीच्यांचं कुणाला कळणार नाही. वह्या रद्दीत जातील. तू जा. तुझ्यासारखी मुलगी इथं बसून कुजायला नको."

मी सरळ सांगते, मला जायचं होतं. मी मनात हो म्हटलंसुद्धा. पाकिटाकडं हात गेला होता माझा. पण चाचा तिकडं उभे होते, पानावर बोट ठेवून, आणि माझ्या डोक्यात एकच घुमत होतं, की हे उमरीहून आले म्हणून कळलं. जे आले नाहीत त्यांचं काय? कुठल्या गावचे असतील, जिवंत असतील की नसतील, त्यांनीही कुणाच्यातरी देखत तीनदा बादली टाकली असेल. मी त्यांना फुंकर मारून उडवून दिलं होतं. मला रडू फुटलं, रागाचं रडू. सरांना म्हटलं, "दुसऱ्या कुणाचं नाव लिहा. पेट्या परत न्या. मी पहिल्यापासून भरते." आणि इतकं म्हणून झाल्यावर मला चाचांचासुद्धा राग आला, की हा माणूस एक दिवस उशिरा का नाही आला.

परभणीची एक मुलगी गेली माझ्या जागी. पुढं ती फार मोठी झाली, मी तिच्यावर कैक वर्षं जळले. समुद्र मी चाळिशीनंतर पाहिला, शाळेत शिकवायला लागल्यावर, सहलीत, पन्नास पोरींची डोकी मोजत. पाण्यात हात घातला तर शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "काय हरवलं?" असो.

तो उन्हाळा मी विष्णुपुरीत काढला. वीज जायची, संगणक बंद पडायचा, भरलेलं पान जायचं, मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन परत भरायची. अप्पांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "निवडलेली डाळ परत खड्यांत ओततंय का कुणी? कसली नोकरी ही?" मावशीचं मात्र वेगळंच. रोज संध्याकाळी पाट मांडायची आणि म्हणायची, "बस." मी बसायची. इतकी दमलेली असायची की बसायची. आता सर रोज वही आणि पडदा शेजारी ठेवून तपासायचे, म्हणाले, "स्वच्छ स्वच्छ म्हणत मीही डोळे मिटले होते, कांता." आम्ही प्रश्नचिन्हासाठी एक रकाना केला, आणि कडेच्या खुणांसाठी आणखी एक.

आषाढ लागता लागता सरांनी मोठ्या आलेखाच्या कागदावर समुद्र आखला आणि मी वाचेन तसे आकडे त्यावर मांडायला लागले. चाचांचा तेहतीस त्यांनी लाल शाईनं मांडला. दोन पेट्यांपुढं गेल्यावर दुसऱ्या एका जहाजाची नोंद आली. तेच पाणी, तोच आठवडा, साडेबत्तीस, पुढं प्रश्नचिन्ह. सरांनी पेन खाली ठेवलं. तिसऱ्या जहाजाची वही मी अक्षरशः झडप घालून उघडली. चार दिवस आधी, थोडं दक्षिणेला, तेहतीस, आणि तो आकडा तर कुणीतरी कंसात टाकलेला. तिन्ही जहाजांनी एकमेकांना पाहिलंही नसेल. प्रत्येकानं आपापल्या माणसाला खोटं ठरवलं होतं, आणि त्या तिघांच्या मध्ये समुद्राचा एवढा मोठा तुकडा तापानं फणफणून पडला होता. मी पहिल्यांदा भरलं तेव्हा तो सगळा पुसून टाकला होता. सरांनी खाली ठेवलेलं पेन परत उचललं. मग म्हणाले, "अशी आणखी असतील. शोधू." सापडलीही, थोडी. आज फोनवर तसे लाल तुकडे मला दरवर्षी दिसतात, कधी एकाच महिन्यात दोनदा, आणि त्यांना बादली लागत नाही. पण पूर्वी असं किती वेळा होत होतं हे विचारायचं तर त्या वह्यांकडंच यावं लागतं, आणि वह्या केव्हाच रद्दीत गेल्या. उरलं ते आमचं भरलेलं.

आलेखाची एक प्रत घेऊन मी उमरीला गेले. गफूरचाचा घरापुढं बाजेवर बसले होते. नातीनं पाणी आणलं, चाचांनी चष्मा लावला. मी कागद बाजेवर पसरला आणि दाखवलं, हे तुमचं जहाज. हे दुसरं. हे तिसरं. "तुम्ही एकटे नव्हता, चाचा. तिघांनीही तेच काढलं होतं पाणी." मला वाटलं होतं ते हसतील, कुणाला तरी हाक मारतील, गल्ली गोळा करतील. मी त्याच क्षणासाठी उन्हाळाभर बसले होते. ते लाल ठिपक्यावर बोट ठेवून बसून राहिले. स्वतःच्या नाही, तिसऱ्या जहाजाच्या. कंसातल्या.

"ह्या जहाजावर बादली कोण टाकत होतं?"

मी म्हटलं, खलाशांची नावं वहीत लिहीत नाहीत, चाचा.

"गाव?"

"गावही नाही."

त्यांनी चष्मा काढला. "मला तू सांगायला आलीस," ते म्हणाले. "त्याला कोण सांगंल?"

मी एसटी स्टँडपर्यंत चालत गेले. घरी निलंग्याला जायची थेट गाडी नव्हती, नांदेडची दोन तासांनी होती. बाकं रिकामी होती, मी बसले नाही.